फोडणारा हात, घडवणारा हात

कोल्हापूरच्या दगडी वास्तूंवर मराठीत कमी लिहिले गेलेले नाही. अंबाबाईचे देऊळ, खिद्रापूरचे कोपेश्वर, पन्हाळ्याचा तीन दरवाजा आणि अंबरखाना, वाडी रत्नागिरीवरची जोतिबाची देवळे, 1877 ते 1884 या काळात उभा राहिलेला न्यू पॅलेस, यांपैकी प्रत्येकाची माहिती वाचकाला सहज मिळते. शिलाहार आणि यादव राजांच्या लेखांचे वाचन झाले, मूर्तींची लक्षणे नोंदवली गेली, देवळांचे आराखडे काढले गेले. एवढ्या लेखनात एक माणूस मात्र पाठमोराच राहिला. ज्याने हा दगड खाणीतून सोडवला, तासला, जागेवर बसवला आणि त्यावर टाकी चालवली, तो पाथरवट बहुतेक पुस्तकांत ‘कुशल कारागिरांनी घडवलेले’ एवढ्या तीन शब्दांत आटोपला जातो. प्रस्तुत पुस्तकाचा विषय तो पाथरवट आहे. त्याच्याकडे इतिहासातला तपशील म्हणून पाहण्यापेक्षा इतिहास घडवणारा जाणकार म्हणून का पाहायचे, हे सांगणे या प्रस्तावनेचे काम आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. काळ्या दगडाच्या या मुलखात दगड फोडणे आणि दगड कोरणे ही एकाच विद्येची दोन टोके आहेत. माणसे वेगळी असतील, मजुरी वेगळी असेल, पण पहिल्या टोकाला घेतलेला निर्णय दुसऱ्या टोकाचे काम ठरवतो. आपण मात्र या दोन टोकांच्या मध्ये भिंत बांधली. कोरणारा तो शिल्पकार, त्याचे काम कला. फोडणारा तो मजूर, त्याचे काम अंगमेहनत. ही भिंत समाजात होतीच, कायद्याने ती कागदावर आणली. 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात दगड फोडणे आणि खडी करणे हा एक रोजगार म्हणून नोंदलेला होता. पाषाणशिल्पाची दखल हस्तकला म्हणून वेगळ्या खात्यात, पुरस्कार आणि प्रदर्शनांच्या यादीत घेतली जाते. एकाच दगडावर चालणारे दोन हात अशा रीतीने दोन दप्तरांत गेले. त्यामुळे आपली समज कशी अपुरी राहिली आणि आता आपल्या जुन्या वास्तूंचेच त्यातून कसे नुकसान होत आहे, हे पुराव्यानिशी पाहायला हवे.

सुरुवात दगडापासूनच करावी लागेल. कोल्हापूर दख्खनच्या लाव्हाथरांच्या दक्षिण भागात येते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी एकामागून एक वाहत आलेल्या लाव्हारसाचा हा बेसॉल्ट. पन्हाळ्यासारख्या उंच माथ्यांवर त्यावर जांभ्याचे आवरण आहे. जांभा खाणीत असताना मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो, म्हणून तो कापून चिरे पाडता येतात. काळा दगड अशी सवलत देत नाही. त्याचा एक घनफूट तुकडा 80 किलोंच्या आसपास भरतो. वाळूच्या दगडासारखे थर त्यात नसतात, त्यामुळे तो आपसूक पापुद्र्यांनी सुटत नाही. त्यात ज्या फटी असतात त्या लाव्हा थंड होताना पडलेल्या, आणि त्यांची दिशा दर खाणीत वेगळी असते. एकाच खाणीत वरचा थर बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला आणि खालचा घट्ट असू शकतो. पोकळ्यांचा दगड कुंपणाला चालेल, तुळईला किंवा मूर्तीला चालणार नाही. यातला कोणता दगड कशासाठी, हे ठरवण्याचे साधन म्हणजे डोळा, हातोडा आणि कान. घट्ट दगड ठोकला की खणखणीत वाजतो, आत चीर असेल तर आवाज बद्द येतो. नस ओळखून एका ओळीत भोके पाडायची, त्यांत लोखंडी पाचरी बसवायच्या आणि प्रत्येक पाचरीवर पाळीपाळीने सारखा घाव घालत जायचे. एका पाचरीवर जोर जास्त पडला तर फाट वाट सोडून जाते. टाकीचे टोक बोथट होत राहते, म्हणून भात्यावर ते तापवून घडवायचे आणि त्याला पाणी द्यायचे. पाणी कमी पडले तर टोक वळते, जास्त झाले तर तुटते. म्हणजे पाथरवटाला दगडाबरोबर लोखंडही कळावे लागते. या कामाला अकुशल म्हणणे हे पाहणाऱ्याचे अज्ञान आहे. आठ-दहा फुटांच्या तुळईत राहून गेलेली एक बारीक चीर पुढे अनेक महिन्यांचे कोरीवकाम वाया घालवू शकते, आणि ती चीर टाळण्याची वेळ खाणीतच असते.

फोडणे आणि कोरणे किती एकजीव असू शकते, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा महाराष्ट्रातल्या लेण्यांत आहे. लेण्यात दगड बाहेर काढणे हेच घडवणे असते. अजिंठ्याचे 24 क्रमांकाचे लेणे अर्धवट राहिले, म्हणून ते कामाची रीत उघड करते. काही भाग नक्षीपर्यंत पोहोचलेला, तर शेजारीच ओबडधोबड खडक तसाच. सगळे खोदून झाल्यावर मग कोरणारे आले, असा क्रम तिथे दिसत नाही. दोन्ही कामे हातात हात घालून चाललेली दिसतात. वेरूळचे कैलास लेणे वरून खाली उतरत गेले. तिथे शिखर आधी मोकळे झाले आणि जोते शेवटी. अशा कामात एक ढलपा चुकून जास्त निघाला तर तो परत लावता येत नाही. मग तिथे घण मारणाऱ्याला पुढे कुठे हत्ती येणार आहे आणि कुठे खांब, हे माहीत असल्याशिवाय घण उचलताच येत नव्हता. त्याला नुसता मजूर म्हणायचे तर मग शिल्पकार कोणाला म्हणायचे?

बांधीव देवळात हे नाते इतके उघडे नसते, पण तुटलेलेही नसते. शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठी असलेले खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर याचे उत्तम उदाहरण आहे. शिलाहारांच्या काळातले, मुख्यतः बाराव्या शतकातले हे काम. तिथे यादव राजा सिंघण याचा शके 1136 चा, म्हणजे इ.स. 1213-14 चा शिलालेखही आहे. मंदिरापुढचा स्वर्गमंडप वर्तुळाकार आणि मध्ये आभाळाला मोकळा आहे. खांबांनी तोललेले ते दगडी कडे जागच्या जागी राहते, कारण प्रत्येक दगडाचा सांधा वर्तुळाच्या हिशेबाने तासलेला आहे. खांबांचे गोल भाग कातल्यासारखे गुळगुळीत आहेत. आता दक्षिणेकडे बेलूर-हळेबीडला पाहू. होयसळांची ती देवळे मऊ दगडाची आहेत. तो दगड खाणीतून निघतो तेव्हा सहज कोरता येतो आणि पुढे टणक होतो, म्हणून तिथले दागिने, जाळ्या, केसांच्या बटा सुट्या कोरता आल्या. खिद्रापूरला तेवढी जाळीदार नक्षी दिसत नाही म्हणून तिथले काम कमी प्रतीचे समजले तर मोठी चूक होईल. काळ्या दगडात फार आतून पोखरले की कड तुटते. त्याऐवजी तो बारीक कणांचा दगड स्वच्छ धार, भरीव अंग आणि शतकानुशतके टिकणारी रेषा देतो. खिद्रापूरच्या कारागिरांनी आपल्या दगडाचा स्वभाव ओळखून आपली शैली ठरवली. आपण जिला शिलाहार शैली म्हणतो तिच्यातला मोठा वाटा खाणीचा आहे, राजवंशाचा उल्लेख त्यानंतर येतो.

देवळांपुरतेच पाहिले तर मात्र हा विषय निम्माच हाती येईल. रंकाळा तलावाची जागा मुळात दगडाची खाण होती आणि अंबाबाईच्या देवळाचा दगड तिथलाच, असे परंपरा सांगते. तिच्या जवळची इराणी खाण आज गणेश विसर्जनासाठी ओळखली जाते. शहर जेवढे वर चढले तेवढी जमीन कुठेतरी खाली गेली, आणि त्या खड्ड्यांत साठलेले पाणीही शहराच्या उपयोगी पडले. पंचगंगेचा घाट, विहिरी, बारव, दीपमाळा, तुळशी वृंदावने, गावोगावचे वीरगळ ही सगळी त्याच हातांची कामे. राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेले राधानगरीचे धरण दगडी बांधणीचे आहे. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणून राज्यभर गेलेली रचनाही मुळात दगडी खांबांची आहे. खांबांच्या उभ्या खाचांत पावसाळा संपल्यावर बरगे घालायचे, पाणी अडवायचे, आणि पुढच्या पावसाआधी ते काढून नदीला वाट द्यायची. खाच ओळंब्यात नसेल तर बरगा नीट बसत नाही आणि पाणी झिरपते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर आजही शहराचा पूर मोजला जातो. 39 फुटांवर इशारा, 43 फुटांवर धोका. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले तेही तिथेच मोजले गेले. आणि घरातला पाटा-वरवंटा, जाते, उखळ? जात्याला टाकी लावणे हे किरकोळ काम समजले गेले, पण टाकी उथळ पडली तर दाणा घसरतो आणि खोल पडली तर पिठाऐवजी भरड निघते. दारोदार फिरून पाटे आणि जाती टाकवून देणाऱ्या बायकांच्या हातात हे मोजमाप होते. ज्या कौशल्याने शिवाराला पाणी दिले आणि घराला पीठ दिले, ते कौशल्य केवळ देवळाच्या भिंतीवर दिसले तरच मानायचे, हा न्याय नव्हे.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे. देऊळ सूत्रधाराने योजले, राजवाडा मेजर चार्ल्स मँट यांनी, धरण अभियंत्यांनी. पाथरवटाने सांगितले तेवढे केले. योजनेचे मोल मी कमी करत नाही. मापे, प्रमाणे, भार कुठून कुठे उतरायचा याचा विचार नसता तर यातले काहीच उभे राहिले नसते. पण आराखडा प्रमाण सांगतो, दगड निवडून देत नाही. हाती आलेल्या दगडाचा कोणता चेहरा बाहेर ठेवायचा, कोणती बाजू भार घेईल, चुन्याविना सांधा बसवायचा तर किती तासायचे, हे प्रश्न प्रत्येक दगडाबरोबर नव्याने पडतात. न्यू पॅलेसचेच उदाहरण घ्या. मँट 1881 मध्ये वारले, राजवाडा पूर्ण झाला 1884 मध्ये. देखरेखीला जाणती माणसे असणारच. तरीही आराखडा करणारा माणूस गेल्यावर इमारत त्याच दर्जाने पुरी होते याचा अर्थ तिथल्या कामगारांना रेषेमागचे कारण समजलेले होते. आज्ञा पाळणे आणि आशय जाणून काम करणे यांतले अंतर इथे दिसते.

दुसरा आक्षेप पुराव्याचा आहे. पाथरवटांची नावेच नाहीत, मग त्यांचा इतिहास कसा लिहिणार? त्याला जोडून असेही सांगितले जाते की आपल्याकडचा कारागीर विनम्र होता, तो नाव मागे ठेवत नसे. हे उत्तर ऐकायला गोड आहे, पण पुराव्याला धरून नाही. बेलूरच्या मूर्तींखाली दासोजाचे नाव आहे, सोमनाथपूरला मल्लितम्माचे. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. जिथे प्रतिष्ठा आणि परवानगी होती तिथे नावे कोरली गेली. म्हणून नाव नसणे हा स्वभावापेक्षा सामाजिक स्थानाचा प्रश्न ठरतो. बलुतेदारांच्या प्रचलित यादीत सुतार, लोहार, कुंभार येतात, पाथरवट सहसा येत नाही. गावच्या खळ्यावर त्याचा हक्काचा वाटा नव्हता. काम असेल तिथे जायचे, संपले की उठायचे. अशा माणसाची नोंद गावच्या दप्तरात राहणार कशी? पण नाव नाही म्हणजे साक्ष नाही असे होत नाही. टाकीच्या खुणा, सांध्यांचा घट्टपणा, अर्धवट सोडलेली कामे, खाणीच्या भिंतींवर राहिलेली पाचरींची भोके, जुनी हत्यारे, आणि आजही हे काम करणाऱ्यांच्या तोंडचे शब्द, हे सगळे वाचता येते. शिलालेखाचा आपण दानाच्या तपशिलासाठी अभ्यास करतो. तीच अक्षरे कडक दगडात इतकी सम कशी उतरली, हा प्रश्नही इतिहासाचाच आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो या धंद्याचे चटके सोसलेल्यांकडून येतो. महाराष्ट्रात दगडाचे काम मोठ्या प्रमाणावर वडार समाजाने केले. माती वडार, गाडी वडार, पाथरवट ही नावेही कामावरूनच पडलेली. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत हा समाज आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशातल्या कितीतरी भटक्या समाजांवर जन्मतःच संशयाचा शिक्का मारला, आणि तो कायदा जायला 1952 उजाडावे लागले. खाणीशेजारची पाले, शाळेविना वाढलेली मुले, डोळ्यात उडालेली कपची, सुरुंगात गेलेले हात हे या कामाचे दुसरे रूप आहे. लक्ष्मण गायकवाडांनी ‘वडारवेदना’ लिहिली ती उगाच नव्हे. तेव्हा प्रश्न असा येतो की ज्या धंद्याने पिढ्या भरडल्या, त्याचा गौरव करून आपण त्या मुलांना पुन्हा खाणीत ढकलणार आहोत का? याचे उत्तर निःसंदिग्ध असले पाहिजे. वडाराच्या मुलाला दगड न फोडण्याचा पूर्ण हक्क आहे. एखादी कला टिकवण्याचे ओझे एका जातीच्या मुलांच्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे आहे, मग ती कला कितीही थोर असो. पण याच मुद्द्याचा पुढचा भागही पाहिला पाहिजे. या माणसांची मजुरी कमी राहिली त्याचे एक कारण त्यांच्या ज्ञानाला ज्ञान मानले गेले नाही हे आहे. ‘दगडफोडी’ म्हटले की दर ठरतो ढिगाच्या मापाने, ब्रासवर. तेव्हा त्यांच्या विद्येचा मान आणि त्यांची सक्तीतून सुटका या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. काम जन्माने चिकटू नये, शिकून निवडता यावे. शिकवणाऱ्याच्या जागी तो जुना जाणकार असावा आणि त्याला शिक्षकाचे वेतन मिळावे. काळ्या दगडात वाळूच्या दगडापेक्षा मुक्त सिलिका कमी असली तरी ग्राइंडरची कोरडी धूळ कोणाच्याच फुफ्फुसाला सोसत नाही. पाण्याचा फवारा, मुखपट्टी, डोळ्यांवर चष्मा हा कौशल्याच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा असायला हवा.

चौथा आक्षेप यंत्राचा. हिऱ्याच्या दातांची करवत आहे, कॉम्प्रेसर आहे, संगणकावर नक्षी उतरवून कोरणारी यंत्रे आहेत. मग हाताचा आग्रह कशाला? जे यंत्र माणसाच्या पाठीवरचा भार उतरवते त्याचे स्वागतच करावे. पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. छिन्नीची जागा प्रामुख्याने कोरणाऱ्या यंत्राने घेतलेली नाही, घडीव दगडाची जागा खडीने घेतली आहे. आजची खाण मुख्यतः क्रशरसाठी चालते. तिथे सुरुंग लावला जातो आणि स्फोटाचा हादरा खडकात दूरवर बारीक चिरा पाडतो. खडीसाठी तो दगड चालतो, कारण त्याचा चुराच करायचा असतो. त्यातून तुळई निघत नाही, मूर्तीही निघत नाही. फोडण्याच्या कामातून जाण काढून टाकली की कोरण्याच्या कामाला दगडच उरत नाही, हे माझ्या म्हणण्याचे आजच्या काळातले प्रत्यंतर आहे. 2021 मध्ये राज्य शासनाने संवर्धनासाठी निवडलेल्या 8 प्राचीन मंदिरांत खिद्रापूरचे कोपेश्वर आहे. अशा मंदिराचा निखळलेला दगड बदलायचा तर शेजारच्या आठशे वर्षांच्या दगडाच्या झिजेशी जुळणारा सांधा हातानेच बसवावा लागेल. ते हात नसले की सिमेंट भरले जाते. सिमेंटने बंद झालेल्या सांध्यात ओल अडकते आणि मूळ दगडाचेच नुकसान होते. सपाट कापणारी करवत इथे मदत करील, निर्णय घेणार नाही.

मग करायचे काय? एक आशेची गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. 2023 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत मूर्तिकार, पाषाण कोरणारा आणि दगड फोडणारा हे एकाच ओळीत आले आहेत. कागदाने उभी केलेली भिंत कागदावर तरी थोडी खचली. पण अवजारांसाठी 15,000 रुपये आणि थोडे कर्ज एवढ्याने विद्या टिकत नाही, तिला काम लागते आणि कच्चा माल लागतो. जिल्ह्यातल्या निवडक खाणींचा काही भाग सुरुंगाविना, घडीव दगडासाठी राखता येईल. संवर्धनाच्या कामात घडाईचा दर ब्रासवर न ठरवता कौशल्यावर ठरवता येईल. कोल्हापुरात चित्र आणि शिल्प शिकवणाऱ्या संस्थांची परंपरा मोठी आहे. तिथल्या विद्यार्थ्याला मातीकाम आणि साच्याइतकेच खाणीत दगड निवडायलाही शिकवता येईल. आणि प्रत्येक दुरुस्तीच्या अहवालात अभियंता आणि ठेकेदार यांच्या बरोबरीने दगड घडवणाऱ्यांची नावे, त्यांनी वापरलेली हत्यारे आणि दगडाची खाण लिहून ठेवता येईल. या शेवटच्या गोष्टीला तर निधीही लागत नाही.

पुढच्या प्रकरणांत वाचकाला खाण, हत्यारे, माणसे आणि वास्तू असा क्रम आढळेल. बहुतेक पुस्तके वास्तूपासून सुरू होतात आणि खाणीपर्यंत पोहोचत नाहीत. हा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे, कारण काम याच दिशेने झाले. वाचकाने तो मनात ठेवून खिद्रापूर, पन्हाळा किंवा एखाद्या गावची साधी दीपमाळ पाहिली, तर तिथे सौंदर्याबरोबर निर्णयही दिसू लागतील: हा दगड इथे का, हा सांधा असा का, ही रेष इथेच का थांबली. ज्यांनी हे निर्णय घेतले त्यांना विचार करणारी माणसे म्हणून ओळखणे हे त्यांचे आपल्यावरचे जुने देणे आहे. त्यांचे वारस आज जिवंत आहेत, या जिल्ह्यात राहतात आणि काम मागतात. त्यांच्याकडून शिकून घेण्याची वेळ अजून गेलेली नाही, पण ती फार लांबवण्यासारखीही नाही.